वेळूच्या काठ्या

ऑक्टोबरात मी घाटावर काठ्या रोवते.
वेळूच्या. कुठल्याशा उष्ण देशातून जहाजात पडून येतात,
जन्मात बर्फ न पाहिलेल्या.
टोकाला चकाकती पट्टी, वीस-वीस पावलांवर एक,
रस्त्याच्या दोन्ही अंगांना.
उन्हात फिरायला आलेले लोक हसतात,
ओस्ने, ही कसली बाग लावतेस?

जानेवारीत कोणी हसत नाही.

आज फाटक पाडलंय. वारा असा
की थुंकलेलं तोंडावर परत येतं.
फाटकाशी अकरा गाड्या घरघरत उभ्या:
मासळीचा ट्रक, दुधाचा टँकर,
सुईण गुन्वोर तिच्या पिवळ्या डबड्यात,
आणि शेवटी एक निळी, चकचकीत, शहरातली.

मी काचेकाचेवर टकटक करते, तेच ते सांगते.
माझ्या नांगरामागून या.
पुढच्याचे लाल दिवे नजरेतून सोडू नका,
त्याच्या अंगावरही जाऊ नका.
घोंगडी हाताशी ठेवा.
ब्रेक आज विसरा, पाय नुसता उचला,
झोपलेल्या बाळावरून हात काढून घेतो तसा.
आणि काहीही झालं तरी उतरायचं नाही.
टोरगाइर माझ्याआधी हाच नांगर चालवायचा.
सापडला तो नांगरापासून सात पावलांवर.

निळ्या गाडीपाशी वाकून
मी चाकाच्या खाचेत नाणं खुपसलं.
नाणं बुडेचना.
"तू मागे फिर."
एस्किल नाव त्याचं. उद्या पलीकडे भाचीचा बाप्तिस्मा,
हाच धर्मपिता.
"मी जपून चालवेन हो."
जपणं आधी चाकात असावं लागतं, पोरा,
मग हातात.
"गाडी इथेच राहू दे. तू माझ्या शेजारी बस."

सुरुवातीला तो बोलत होता,
नोकरी, भाडं, भाचीचं नाव काय ठेवणार.
मग वाऱ्याने सगळं पांढरं उचललं,
आणि वर, खाली, पुढे, मागे
हे शब्दच निकामी झाले.
"तुम्हाला दिसतंय तरी काय?"
काठी.
"आणि तिच्यापुढे?"
दिसली की सांगते.

एके ठिकाणी काठी आलीच नाही.

मी थांबले.
मागे दहा गाड्या थांबल्या असणार,
आरशात एकीचाच दिवा उघडझाप करत होता, तोही पुसट.
रेडिओवर टँकरवाला करवादला, काय झालं?
काही नाही, म्हटलं. काही होऊ नये म्हणून थांबलोय.
"रस्ता तर सरळच आहे ना?" एस्किल पुटपुटला.
मलाही तसंच वाटत होतं.
बावीस हिवाळे इथे काढले, तरी
पाय सरळच जायला बघत होता.

चार मिनिटं गेली. कदाचित नऊ.
मग वारा दम घ्यायला थांबला,
आणि काठी दिसली
डावीकडे, पार डावीकडे,
कमरेएवढी गाडलेली, जराशी तिरकी.
रोवताना तिथे दगड लागला होता, ते आठवलं.
समोर, जिकडे मी गेले असते,
पांढऱ्यात नुसतं पांढरं.
त्याच्याखाली तळं आहे
हे मी त्याला सांगितलं नाही.

पलीकडच्या फाटकाशी तो उतरला.
पायात समारंभाचे पातळ बूट.
पण गेला नाही. वाऱ्याला पाठ देऊन
ओठ हलवत उभा राहिला.
मासळी. टँकर. मग बाकीच्या, एकेक करत.
बऱ्याच वेळाने, सगळ्यांत शेवटी, पिवळं डबडं.
"दहा," तो म्हणाला.
मीही मोजतच होते.
पण तो आकडा त्याला म्हणू दिला.

या बाजूला सात गाड्या ताटकळल्या होत्या.
मी नांगर वळवला.
आत्ताच उकरलेला रस्ता
कुठे म्हणून दिसत नव्हता.
एक काठी होती.
तिच्यापर्यंत गेले.