पान एक्केचाळीस

मी प्रॉम्प्टर. अकरा वर्षं डाव्या विंगेत,
स्टुलावर, मांडीवर संहिता, टॉर्चला निळा कागद.
कुणाचं वाक्य अडलं की मी ते हळूच पुढे सरकवते,
जेवणाच्या टेबलावर मीठदाणी सरकवावी तसं.

यंदाचं नाटक टॅडलॉक मास्तरांचं. शाळेत रसायन शिकवतात ते.
आमच्या आर्कान्सामधलंच एक जोडपं, डॉटी आणि हार्लन,
बोट फुटून एका बेटावर जाऊन पडतं.
बरोबर केचपच्या सहा बाटल्या, टूथब्रशांचं खोकं
आणि जगाविषयी अपार माया.
समोरच्याला इंग्रजी येत नाही
म्हणून ते इंग्रजीच बोलतात, फक्त मोठ्यांदा,
जणू परदेश हा कानाचा आजार आहे.
डॉटी एका झोपडीपुढे छातीवर हात ठेवते, "किती अस्सल!"
झोपडीच्या पत्र्यावर तिच्याच गावच्या कंपनीचा शिक्का.
इथे हमखास हशा.
आमचं गाव स्वतःला हसायला केव्हाही तयार असतं.
तिकीट बारा डॉलर, कॉफी फुकट.

बेटावरचा माणूस म्हणजे आलिक.
आईबाप मार्शल बेटांवरचे, जन्म इथलाच,
दिवसा कोंबड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला.
कमरेला गवताचा झगा. गवत कसलं,
कारखान्यातल्या प्लास्टिकच्या पट्ट्या, त्यानेच आणलेल्या.

पान एक्केचाळीसवर त्याचं एकुलतं एक भाषण.
संहितेत ते असं आहे:
(तो काहीतरी बडबडतो.)
मग हार्लन डॉटीकडे वळून सांगतो,
"म्हणतोय, थँक्यू."

तालमीत आलिक नुसतं बुलुबुलु करायचा.
पहिल्या प्रयोगाला त्यानं ते केलं नाही.
संथ, सरळ आवाजात बोलला, आठ-दहा वाक्यं.
मी टॉर्च पानावरून फिरवली, कंसाच्या आत, कंसाच्या बाहेर.
अकरा वर्षांत पहिल्यांदाच
नट बोलत होता आणि मी अडले होते.

"म्हणतोय, थँक्यू."
हशा पिकला, पुढच्या रांगांचा, ठरलेल्या जागी.
पण त्याच्या आधी, चांगलंच आधी,
मागून, खांबाशेजारून, एका बाईचं हसू आलं होतं,
पोटातून निघून नाकातून फुटलेलं.
माना वळल्या.
ती नेइजोन. पायात रात्रपाळीचे रबरी बूट.

तिसऱ्या प्रयोगानंतर, तो रंग पुसत असताना, मी विचारलं.
"पहिल्या दिवशी म्हणालो, या पट्ट्यांनी मांड्यांना खाज सुटलीय
आणि या साहेबांची मिशी आता पडणार."
आणि आज?
"आज म्हणालो, आजोबांचं बेट तुम्ही उसनं नेलंत,
बॉम्ब फोडून बघायला. परत द्यायचं राहिलं का?"
त्यावरही हार्लन म्हणाला होता, थँक्यू.
मागून हसू नव्हतं आलं. कुणीतरी खोकलं होतं.

मी पेन्सिल काढली. सांग, लिहून घेते, विसरलास तर?
त्यानं पेन्सिलीकडे पाहिलं, मायेनंच.
"नका लिहू, बाई.
कंस बरा आहे. आत जागा आहे."

टॅडलॉक मास्तर पार्किंगमध्ये मला म्हणाले,
आपल्यालाच चिमटा काढायला लिहिलं हे सगळं.
मग 'बडबडतो' का लिहिलं मी?
दुसऱ्याला शब्द पुरवणं हा माझा धंदा,
पण मलाही काही सुचलं नाही.

शेवटच्या प्रयोगाला मागच्या चार रांगा भरल्या,
पोरंटोरं, फुलाफुलांच्या झग्यातल्या बाया, कारखान्याच्या टोप्या.
आलिक बोलला. मागच्या रांगा अक्षरशः कोसळल्या.
पुढच्यांनी मान वळवली, क्षणभर थांबले,
आणि लागले हसायला,
सगळं समजल्यासारखे.
त्या गदारोळात हार्लन आपलं वाक्य विसरला.
माझ्याकडे बघू लागला, मिशी अर्धी सुटलेली.
दोनच शब्द. मी ते सरकवायला तोंड उघडलं,
आणि राहू दिलं.