कूलर बंद करा

गोळीबार चौकात, विणकर सोसायटीच्या माडीवर,
जिथं आता माग नाहीत,
मागांचे पाय रोवलेली भोकं तेवढी फरशीत उरलीत,
तिथं शनिवारी रात्री नऊला कविता असते.
मी कवितेसाठी गेलो नव्हतो.
मी मोटर बदलायला गेलो होतो.

मे महिना. नागपूरचा दिवस
मावळल्यावरही भिंतीतून निघत होता.
मोटर बसली, पाणी चढलं, वाळ्याचा वास सुटला
आणि नंदनवार सर म्हणाले, 'बसा नं उस्ताद, जरा वेळ.'

अडचण अशी, की कूलर चालू असला
तर कविता ऐकू येत नाही,
आणि बंद असला तर माणूस टिकत नाही.
म्हणून इथं घड्याळ लावत नाहीत.
कोणी उभं राहिलं की मागून आवाज येतो, 'कूलर बंद करा!'
मग घाम भुवईवरून डोळ्यात उतरेस्तोवर
जे काय म्हणायचं ते म्हणून घ्यायचं.

बटणापाशी मी बसलो होतो. काम मलाच लागलं.

मोमीनपुऱ्याची सबीहा आधी चष्मा पुसायची,
मग तिच्या अम्मीच्या शिलाई मशीनबद्दल बोलायची,
उर्दूत सुरू करून मराठीत येऊन थांबायची,
जशी बस थांबते, स्टॉप नसताना,
ओळखीचं कोणी दिसलं म्हणून.
चैतराम उईके गोंडीत म्हणायचा.
अर्ध्यांना कळत नसे,
पण तो म्हणत असताना मान पुसायला कोणी हात उचलत नसे.
अर्थ विचारला तर म्हणायचा, 'समजून काय करता? आयका.'
इंदोऱ्याची यशोधरा गजभिये, अठरा वर्षांची,
ओळीओळीला पाय आपटायची.
खालचा रद्दीवाला वर तोंड करून शिव्या द्यायचा,
ती त्यालाच दाद समजायची.

इथं 'वाह' कमी, 'अरे बाप्पा' जास्त.
'मला'चं 'मले' झालं तर कोणी कान धरत नाही.
आणि कविता वाईट असली
तर कोणी काही बोलत नाही,
फक्त माझ्याकडं बघतात,
आणि मी हळूच खटका वर करतो.

बँकेतून निवृत्त झालेल्या एका साहेबांवर
मी तेविसाव्या ओळीला कूलर सोडला.
रात्रभर झोप आली नाही मला.
पुढच्या शनिवारी ते बाराच ओळी घेऊन आले.
चांगल्या होत्या.

जून लागला तेव्हा एका रात्री यादी लवकर संपली.
सर म्हणाले, 'उस्ताद, आता तुमी.'
मी म्हटलं, मी बटणवाला.
'मंग बटणाचंच सांगा.'
यशोधरानं मला ढकललं आणि माझ्या जागी बसली.

खटका खाली.
इतके दिवस ही शांतता मीच पाडत होतो,
तिच्यात उभा कधी राहिलो नव्हतो.

बिलबुक काढलं. मागच्या पानांवर लिहीत आलो होतो,
कार्बनमुळं सगळं दोनदा उमटलेलं.
म्हटलं:
भर दुपारी मी लोकांच्या घरात शिरतो,
त्यांचा गारवा
मी निघालो की सुरू होतो...

पुढची ओळ घामानं पुसली होती.
काहीतरी हातांबद्दल होतं. आठवेना.
कोणी खोकलंही नाही.
मग मागून, खांबाला टेकून, चैतराम मराठीत म्हणाला,
'चपला माझ्या उन्हातच उभ्या असतात.'

मी ती म्हटली. आपलीच असल्यासारखी म्हटली.
कोणीतरी 'अरे बाप्पा' म्हणालं.
कोणाला, ते कळलं नाही.

घरी येऊन ती ओळ बिलबुकात लिहिली, कार्बन घालून,
एक प्रत त्याची, एक माझी.
शनिवारी फाडून त्याच्या हातात दिली.
त्यानं घडी करून विडीसारखी कानावर खोचली,
पुढं जाऊन उभा राहिला
आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,
'कर बंद.'