पान एकशे बारा

वळताना गाडी कण्हते,
म्हणून इंदुरात, छोट्या ग्वालटोलीत
भर दुपारी बॉनेट उघडं.
टाकीच्या झाकणावरची अक्षरं
बाबांच्या तेलकट बोटांनी केव्हाच पुसलेली.

शकूरभाई पांढऱ्या चिंधीवर थेंब टिपतो,
उन्हात धरतो:
लाल नाही, हिरवं नाही,
चहाच्या गाळासारखं काहीतरी.
‘किसने डाला ये?’

बाबांनीच. देवासच्या रस्त्यावर, रात्री,
मिळालं ते.
तेल ते तेल, म्हणायचे.

सगळं उपसावं लागेल म्हणतो,
पुस्तक आहे का विचारतो.
खणात सापडतं. पेन्सिलीची खूण,
आणि बाबांचं अक्षर:
फक्त हिरवं. विसरू नकोस.

स्वतःलाच लिहिलं असावं.

मी चाक
या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहते,
सावकाश,
बुडबुडे थांबेपर्यंत.