कुऱ्हाडीतला र

बोहरी आळीत मुर्तझाभाई हाथियारींकडे
गिऱ्हाईक विचारतं, "अडीच सुती रिबिट?"
ते म्हणतात, "संपलेत.
तीन दुकानं सोडून इनायतकडे मिळतील.
माझं नाव सांगू नका, महाग देईल."

त्यांना प्रोग्राम हवा होता
नेटशिवाय चालणारा,
कारण आळीतलं नेट रोज दुपारी जातं
आणि टेम्पो काही थांबत नाही.
जुना कॉम्प्युटर, दोन जीबी रॅम,
कीबोर्डवर ग्रीस, एंटरचं बटण आत बसलेलं.
"बिल मराठीतच पाहिजे," म्हणाले.
"वारज्याचा सुतार इंग्रजी वाचत नाही.
वाचलं तरी भांडतो."

मी हो म्हटलं.
हो म्हणायला काय जातं.

धनकवडीच्या खोलीत तीन रात्री गेल्या.
पडद्यावर एक खिडकी उघडली,
बंद करायला गेले तर बंद होईना, तीही शेवटी झाली.
छापून पाहिलं. बिजागरी आली,
कडी आली, कोयंडा आला, पाव किलो चुका आल्या.
कुऱ्हाड येईना.
आधी कु, मग रिकामी चौकट,
मग हाड.
कुत्र्याला हाकलावं तसं, दर बिलावर.

रात्री दोनच्या पुढे ती यादी सापडली.
कुणा एकाची नव्हती.
खिडक्यांसाठी काय, छपाईसाठी काय,
बारकोड कशाने वाचायचा,
सगळं गाठोडं बांधून दुसऱ्याच्या मशीनवर कसं चढवायचं,
आणि पुढे कुणाकुणाचे शेरे:
"जड आहे. जुन्या मशीनवर घालू नका."
"छान होतं. करणाऱ्याला मुलगी झाली, तेव्हापासून हात लागलेला नाही."
"याच्या नादात माझे दोन महिने गेले. तुमचे घालवू नका."

मला अशी माणसं फार आवडतात,
रस्त्यातल्या खड्ड्यात आधी स्वतः पडतात
आणि उठून, कपडे न झटकता,
तिथे झाडाची फांदी रोवून जातात.

अगदी तळाशी, अक्षरं जुळवणारी एक लायब्ररी.
शेरा: "नेपाळी, मराठी दोन्हीला चालते.
कोयत्यासारखा अर्धा र नीट येतो.
तपासलंय: दऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड."

कुऱ्हाड!
कोण असेल? कुठल्या आळीतल्या
कुठल्या दुकानासाठी जागलं असेल?
नाव नव्हतं. तारीख होती,
दिवाळीच्या आदल्या दिवसाची.

बुधवारी बिल निघालं.
कुऱ्हाड, दांड्यासकट, नग एक.
मुर्तझाभाईंनी चष्मा कपाळावर नेला,
कागद उजेडात धरला, बराच वेळ.
"किंमत चुकलीय," म्हणाले.

परत येऊन यादीत मी एक ओळ घातली.
तीनदा लिहिली, दोनदा खोडली,
आपल्याला काय कळतं, असंही वाटून गेलं.
"दोन इंची प्रिंटरवर खालचा उकार कापला जातो.
ओळीखाली चार ठिपके जास्त सोडा.
तपासलंय: खुंटी, सुतळी, चुका."