सभासद आणि शिल्लक

टिमारूच्या लोकर-धुलाई कारखान्याचं पेन्शन खातं
एल्स्पेथ गिलरॉय एकटी सांभाळते,
दुसऱ्या मजल्यावर, जिथे लोकरीच्या चरबीचा वास
फायलींनासुद्धा लागलाय.
शेजारच्या टेबलावर मी. पगारपत्रकं माझ्याकडे.

मार्च सरला की वेलिंग्टनला एक तक्ता जातो.
त्यात कामाचे रकाने दोनच:
सभासद.
शिल्लक.

ती रुजू झाली तेव्हा चारशे बारा माणसं होती
आणि पैसा बेताचा.
मग रात्रपाळी बंद झाली: दोनशे नव्वद.
मग नव्या पोरांना सगळ्या देशाच्या योजनेत घालायचं ठरलं,
आणि आमच्या दाराला अशी कडी बसली
की बाहेर पडता येईल, आत येता येणार नाही.
एकशे सात. अठ्ठावन्न. एकोणीस.

शिल्लक मात्र चढत गेली.
मेलबर्नच्या विमानतळात, चिलीतल्या कुठल्याशा जंगलात,
कधी न पाहिलेल्या रस्त्यांच्या टोलनाक्यांवर
आमच्या माणसांचे हात अजून राबतायत
आणि माणसं घरी बसून गुडघे चोळतायत.

थेंबे थेंबे तळे साचे, हे ठाऊक होतं.
तळं साचल्यावर थेंब
एकेक करून उठून जातात,
हे कुणी बोललं नव्हतं.

एल्स्पेथची कार्डं बुटांच्या खोक्यात. कडेला पेन्सिलीनं:
कॉलम मॅकार्डल, घर घेतलं, सगळे काढले.
मोआना पेने, ब्रिस्बेनला, पत्ता नाही, पत्र परत.
डेस हॅनरहन, वारला, पत्नीस निम्मे.

त्या पत्नीचा फोन दर पंधरा तारखेला,
पैसे जमा झाले का म्हणून.
झालेले असतात. तिलाही माहीत असतं.
"डेस जिवंतपणी कधी वेळेवर घरी आला नाही," ती म्हणते,
"आता बघ कसा, सकाळी नऊच्या ठोक्याला."
मग वाऱ्याबद्दल बोलते, बंदरात लागलेल्या जहाजाबद्दल,
आणि एल्स्पेथ हिशेब बाजूला ठेवून
हूं हूं करत राहते.

वर्षातून एकदा विमागणिती येतो, चकचकीत बूट घालून.
"योजनेची प्रकृती ठणठणीत," म्हणतो.
त्या वर्षी आम्ही तीन अंत्यविधींना जाऊन आलो होतो.

गेल्या शुक्रवारी टाविटा फुइमाओनो निवृत्त झाला.
सदतीस वर्षं गठ्ठे फोडले त्यानं,
वर्गणी भरणारा शेवटचा.
केक आणला होता, मॅनेजर त्याचं आडनाव चुकला,
टाविटानंच हसून त्याला वेळ निभावून दिली.

सोमवारी त्याच्या उरलेल्या रजेचे पैसे काढले मी.
अडीच दिवस. वर्गणी कापली,
एकतीस डॉलर चाळीस सेंट,
आणि चिठ्ठी एल्स्पेथच्या टेबलावर ठेवली.
तिनं ती रक्कम चढवली.
एवढ्या लांबलचक आकड्याचे
शेवटचे काही अंक जरासे हलले,
झोपलेल्या माणसानं कूस न बदलता
नुसती बोटं हलवावीत तसे.

मग दुसरा रकाना. वर्गणी भरणारे सभासद:
शून्य.
संगणक घेईना. किमान एक हवा, म्हणे.

वेलिंग्टनला फोन लावला. बराच वेळ बासरी वाजत राहिली.
मग एक कोवळा आवाज: "बाई, तूर्तास एकच लिहा,
पुढल्या वर्षी आम्ही दुरुस्त करू."
"एक, पण कोण?" एल्स्पेथनं विचारलं.
तिकडे टाइप करायचा आवाज. पुन्हा बासरी.

तिनं रिसीव्हर ठेवला नाही, नुसता खांद्याला टेकवला
आणि खिडकीतून खाली पाहिलं.
टाविटा आला होता, फाटकाची किल्ली परत द्यायला,
आणि वजनकाट्यापाशी उभा राहून
कुणाला तरी हातवारे करून
गठ्ठ्याची तार कशी तोडायची ते दाखवत होता.

खूप वेळ बघत राहिली.
मग न बसता, उभ्या उभ्याच,
एक लिहिलं.