तेरा किलोपर्यंत

द्राक्षाचे क्रेट मोजायचा काटा
ओझरच्या साडूकडून मागून आणला
आणि गांगुर्ड्यांची नळी दोरीनं बांधून
जिन्याखालच्या कडीला टांगली.
सतरा किलो चारशे.
अजून शोधक दुर्बीण लावायचीच होती.

शैलजाबाई पायरीवर उभ्या.
"जड आहे का हो?" म्हणाल्या,
दवाखान्यात विचारावं तसं.

आरसा आठ इंची, हातानं घासलेला.
सातपूरहून दुसरी पाळी करून आल्यावर
रात्री बारानंतर, दोन हिवाळे,
पाण्यानं भरलेल्या पिंपाभोवती फेऱ्या घालत
गांगुर्ड्यांनी काच खोल केली.
नळी मात्र बोअरवेलच्या पाइपाची.
जे हाताशी होतं ते. साडेपाच फूट.

माझ्या माउंटला एक चकती आहे, तीवर लिहिलंय:
तेरा किलोपर्यंत.
फोटो काढायचे तर त्याच्याही निम्मं, असं जाणकार सांगतात.
मी अंबडला एकतीस वर्षं लेथ चालवला,
पट्टीवरचा आकडा कुठं खरा असतो
आणि कुठं साहेबाच्या समाधानापुरता, मला कळतं.
तरी म्हटलं, बघू.
मेलेल्या माणसाच्या वस्तूला
लगेच नाही म्हणता येत नाही.

भंगारातून बिडाची पुली आणली,
भोक मोठं करून दांड्यावर चढवली.
दांडा पायाला थडकला.
नाशिक वीस अंशांवर. ध्रुव इथं दोन मुठी उंच,
हात लांब करून मोजा,
म्हसरूळहून चांभारलेण्यांच्या डोंगराकडे बघत.
त्यामुळे अक्ष पार निजायला आलेला,
आणि भार खाली येता येता
तिपाईच्या उत्तरेकडच्या पायावर आदळतो.
ज्यांनी हे यंत्र घडवलं
त्यांचा ध्रुव बहुतेक टोपीच्या वर असेल.
तिपाई साठ अंश फिरवली.

मग गिरणारे. जानेवारी.
दोन्ही खिट्ट्या सैल केल्या:
नळी जिथं सोडावी तिथं थांबते,
बोट लावलं तर सरकते, बोट काढलं तर उभी.
असा तोल मी पूर्वी एकदाच पाहिला होता,
नव्या स्पिंडलच्या चाचणीत.
मनातल्या मनात टाळी दिली गांगुर्ड्यांना.

आणि नेत्रिकेला डोळा लावला.
फोकसची कळ हलवली मात्र,
गुरू तव्यावरच्या थेंबासारखा थयथयला.
एक, दोन, तीन... नऊपर्यंत मोजलं.
मग धरणाकडून वारा आला, वारा कसला, झुळूक,
तर चारही चंद्रांच्या रेघा झाल्या.

तोल चोख होता.
लटपटत होतं ते तोलाच्या खालचं,
वर्म, गिअर, ते बारीक पाय,
आणि साडेपाच फुटांच्या टोकाला लोंबणारी हवा.
हे काट्यावर येत नाही.
काट्याला लांबी कळत नाही.

"कापून टाका की पाइप," पुतण्या म्हणाला.
प्रकाश जिथं गोळा होतो तिथंच गोळा होतो,
कापून कसं चालेल.
शैलजाबाई काहीच बोलल्या नाहीत.

मशीनच्या खोक्याचं प्लाय होतं,
खाली टेफ्लॉनचे तीन तुकडे.
नळी आता जमिनीजवळ, पेटीत बसते.
मोटर नाही, अक्ष नाही, ध्रुवाची विचारपूस नाही.
माउंटवर चढवलीय पुतण्याची दोन किलोची दुर्बीण,
ती एवढी गप्प राहते की विसरायला होतं.

परवा दुधाच्या क्रेटवर चढून
शैलजाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं.
इतक्या वर्षांत कधी वर बोलावलं नव्हतं त्यांना,
त्याही कधी आल्या नव्हत्या.
"गेला," म्हणाल्या.
"ढकला."
"किती?"
"केसभर."
त्यांनी पदर खोचला, नळीला तळवा लावला.
बराच वेळ काही ऐकू आलं नाही.
मग पुन्हा, स्वतःशीच: "गेला."
आणि प्लायवर टेफ्लॉनचा तो बारीक आवाज.

साडूचा फोन येऊन गेलाय दोनदा.
खुडा सुरू झाला, काटा हवाय.