हवाई अंतर

आधी मीटर गेला.
वीज मंडळाचा पोरगा शिडी लावून चढला,
वाडीतलाच, माझ्याच पाटीवर ग-म-भ-न गिरवलेला.
खाली न बघता म्हणाला,
"बाई, अकराशे चाळीस थकलेत. माझा नाइलाज."
मी त्याची शिडी धरून उभी होते.

त्या वर्षी अनुदान दहाचं पाच झालं,
पाचातलं निम्मं मार्च संपता संपता आलं
आणि खर्चायला दोन दिवस दिले.
मी बावीस कौलं घेतली, एक कुलूप घेतलं.
कौलं लावणाऱ्याची मजुरी कुठल्या शीर्षाखाली घालायची
हे विचारलेलं पत्र अजून तालुक्यात फिरतंय.

झुलेखाबीचं मानधन पाच महिने "प्रक्रियेत" होतं.
चूल प्रक्रियेत ठेवता येत नाही.
ती घरून सुरूच्या काटक्या आणायची,
कधी पदरचे मूठभर सोडे खिचडीत ढकलायची,
आणि मी अहवालात लिहायचे: मूगडाळ.

पटावर मुलं सात. त्यांत दोन जुळी,
म्हणजे घरं सहाच.
पत्र आलं: शाळा खाडीपलीकडच्या शाळेत विलीन.
अंतर एक किलोमीटर दोनशे मीटर.
कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवली होती.
पट्टी खाडीवरून गेली आणि भिजली नाही.

पुलावरून चौदा किलोमीटर,
एसटी आली तर पावणेअकराला.
नाहीतर दाजी कुबलाची होडी,
ती पाणी म्हणेल तेव्हा.
सुकती लागली की चिखलात बसते म्हशीसारखी.
पाणी रोज पाऊण तास पुढे सरकतं.
शाळेची घंटा सरकत नाही.

केंद्रप्रमुख जडवस्तूंची वही घेऊन आले.
पृथ्वीगोल एक, आस मोडलेला.
संगणक एक, पेटीतून न काढलेला.
तराजू. वजनं नाहीत.
बेरीज जुळली. न जुळण्याइतकं
उरलंच नव्हतं काही.

फक्त घंटा वहीत सापडेना.
ती म्हणजे ट्रॉलरचा पितळी पंखा, एक पातं तुटलेला,
विश्राम तांडेलांनी उंडीच्या फांदीला टांगून दिलेला,
माझ्या आधीच्या आधीच्या गुरुजींच्या काळात.
पावती नाही, नोंद नाही.
केंद्रप्रमुख चष्मा पुसत म्हणाले,
"नोंद नाही म्हणजे वस्तू नाही, बाई. राहू दे."
चांगला माणूस. निघताना
एकदा हलकेच वाजवून गेला.

आता झुलेखाबी वाजवते, पाणी चढलं की.
पोरं भाकरी हातात घेऊन पळतात धक्क्याकडे.
मला तिकडेच समायोजित केलंय,
मागच्या बाकाजवळ एक खुर्ची,
एका वर्गात एकावन्न मुलं, तीन इयत्ता.

परवा प्रार्थना होऊन तास झाल्यावर
मेहरीन दारात उभी राहिली,
पोटरीपर्यंत चिखल, चपला हातात,
मागे दोघी जुळ्या, त्यांच्या मागे बाकीचे.
मुख्याध्यापक देशावरचे, नवे.
"उशीर का?"
मेहरीन म्हणाली, "पाणी नव्हतं."
"आमच्याही नळाला नसतं," ते म्हणाले,
"म्हणून आम्ही शाळेत येत नाही का?"
वर्ग हसला. मेहरीनही हसली,
सगळे हसले म्हणून.

मी सांगायला उठले.
त्यांनी तोवर फळ्यावर उदाहरण घातलं होतं:
एक होडी ताशी सहा किलोमीटर वेगाने जाते, तर...

हजेरीपटात कारणाचा रकाना नाही.
मी समासात, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात
उद्याच्या भरतीची वेळ लिहून ठेवते.
मुख्याध्यापकांना वाटतं, मी
औषधाच्या वेळा लिहिते.